हेडसेट काढल्यावर कपाळ का ठणकतं?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय २७. राजारामपुरीत एका इंटिरिअर डिझायनरकडे कामाला आहे. ग्राहकांना त्यांचा होणारा फ्लॅट आम्ही व्हीआर हेडसेटमधून, म्हणजे डोळ्यांवर बांधायच्या पडद्यातून, दाखवतो. आधी मी घालून सगळं लावते, मग ग्राहकाला देते, मधेमधे परत घालून बघते. शनिवार-रविवारी तर दिवसभर हेच. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे अडीच आहे. पण हेडसेटखाली चष्म्याची काडी रुतते, आणि पडदा काय, डोळ्यांच्या अगदी जवळच असतो, म्हणून मी चष्मा काढून ठेवते. संध्याकाळी भुवयांच्या मध्ये ठणका लागतो, डोळे चुरचुरतात आणि स्कूटीवरून घरी जाताना दसरा चौकात समोरचे दिवे फाकल्यासारखे दिसतात. यामुळे नंबर वाढेल का? हे काम सोडावं लागेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: काम सोडायचा विचार आधी मनातून काढून टाका. तुमच्या वयात हेडसेटमुळे नंबर वाढतो असं सिद्ध झालेलं नाही. पण तुमच्या पत्रात त्रासाची दोन कारणं अगदी स्पष्ट दिसतात, आणि दोन्ही आजच्या आज दूर करता येतील अशी आहेत.

पहिलं कारण म्हणजे काढून ठेवलेला चष्मा. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असतो हे खरं, पण मधे भिंगं असतात आणि ती चित्र लांब नेऊन ठेवतात. बहुतेक हेडसेटमध्ये ते साधारण सव्वा ते दोन मीटरवर असल्यासारखं डोळ्यांना भासतं. उणे अडीच नंबरवाल्याला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं ते ४० सेंटिमीटरपर्यंतच. म्हणजे तुम्ही दिवसभर धूसर चित्रावर डोळे ताणताय. चष्मा घालूनच हेडसेट घाला. बऱ्याच हेडसेटसोबत चष्मेवाल्यांसाठी एक जादा चौकट मिळते, ती बसवली की चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासत नाही. घालताना हेडसेट पुढून डोळ्यांवर आणा आणि पट्टा नंतर मागे ओढा. काढताना याच्या उलट. तरीही काडी रुतत असेल तर अरुंद फ्रेमचा एक जादा चष्मा करून घ्या. हेडसेटच्या भिंगावर बसणाऱ्या नंबरच्या काचाही मिळतात, पण तुमचा हेडसेट दहा जणांच्या डोक्यावर फिरतो, त्यामुळे त्या तुमच्या उपयोगाच्या नाहीत.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास, पण कुणाचं ५६, कुणाचं ७०. हेडसेटची भिंगं त्यानुसार सरकवता येतात. काहींत ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा असतात, काहींत चाक फिरवून हवं ते अंतर लावता येतं. तुम्ही ग्राहकासाठी भिंगं सरकवता का? सरकवत असाल तर पुढच्या वेळी तो हेडसेट तुमच्या डोळ्यांवर ग्राहकाच्या मापाने बसतो. सरकवत नसाल तर त्रास ग्राहकाला. शेजाऱ्याचा चष्मा लावून दिवसभर हिशेब लिहिण्यासारखंच आहे हे. चित्र दिसतं, पण दोन डोळ्यांची दोन चित्रं एक करताना डोळ्यांचे स्नायू दमून जातात. भुवयांमधला ठणका बहुतेक इथूनच येतोय.

हे माप चष्मेवाल्याकडे आयतं असतं. आपल्याकडे त्याला सगळे ‘पीडी’च म्हणतात. चष्मा करताना त्यांनी ते घेतलेलं असतंच, मागा म्हणजे कार्डावर लिहून देतील. घरीही घेता येईल. चष्मा काढून आरशासमोर वीतभर अंतरावर उभ्या राहा, तुमच्या नंबरला तिथलं प्रतिबिंब चष्म्याशिवाय दिसतं. मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटा, शून्याची खूण डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. आता मान आणि पट्टी न हलवता डावा मिटून उजवा उघडा. उजव्या बाहुलीच्या मध्यावर येणारा आकडा म्हणजे तुमचा पीडी. दोन-तीनदा घेऊन बघा. तो आकडा हेडसेटच्या डबीवर चिकटवून टाका आणि परत घालताना दर वेळी भिंगं तिथे आणा. ग्राहकाचं माप नसेल तर अक्षरं सर्वांत ठळक कुठे दिसतात ते विचारत भिंगं सरकवा. हेडसेट खाली घसरला तरी चित्र धूसर होतं, तेव्हा वरचा पट्टाही बघा.

एवढं करूनही थोडा ताण राहील, आणि तो कुठल्याच सेटिंगने जात नाही. जवळची वस्तू बघताना आपले डोळे नाकाकडे वळतात आणि त्याच वेळी आतलं भिंग फुगून नजर जवळ आणतं. ही दोन कामं जन्मभर जोडीने चालत आलेली. हेडसेटमध्ये ती जोडी तुटते. स्वयंपाकघरातला नळ अगदी नाकासमोर आला की डोळे आत वळतात, पण चित्र सव्वा ते दोन मीटरवरच असल्यामुळे नजर तिथेच धरून ठेवावी लागते. म्हणून वस्तू हातभर तरी लांब राहील असं उभं राहा, ग्राहकालाही तसंच उभं करा. लॅमिनेटचा पोत किंवा टाइलचा सांधा दाखवायचा असेल तर हेडसेट काढायला सांगा आणि नमुना हातात द्या. विक्रीलाही ते बरंच, असं मला वाटतं.

अर्ध्या तासाच्या वापरानंतर दहा-पंधरा मिनिटं विश्रांती घ्या, असं काही हेडसेटसोबतच्या पुस्तिकेतच छापलेलं असतं. कुणी वाचत नाही. त्या वेळात मोबाईल बघू नका, गॅलरीतून लांब बघा. पडद्याकडे टक लावली की पापण्या लवणं निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होतं, चुरचुर त्याचीच. आठवणीने पापण्या मिटा, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. काम संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नका. वीस-पंचवीस मिनिटं थांबा, दिवे नीट दिसायला लागले की निघा. हे मी काळजीपोटी सांगतेय, संध्याकाळची दसरा चौकातली गर्दी मला ठाऊक आहे.

आणखी एक. ग्राहक बदलला की चेहऱ्याला टेकणारी गादी पुसलीच पाहिजे. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते ते आठवा. गादी पुसायच्या कापडाने भिंगं पुसू नका. त्यांना कोरडं मायक्रोफायबर कापडच हवं, ओढणी नको आणि स्पिरिटही नको.

पंधरा दिवस असं करूनही ठणका राहिला, किंवा एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्या, तर तपासायला या. तपासणीत मी पेनाचं टोक नाकाकडे आणत जाते. दहा सेंटिमीटरच्या अलीकडे यायच्या आतच ते दुहेरी दिसलं तर डोळे आत वळण्यात कमजोरी असू शकते. काही जणांत छुपा तिरळेपणा निघतो. हेडसेटने तो दिलेला नसतो, फक्त उघड केलेला असतो. दोन्हींवर उपचार आहेत.

प्रश्न: नातू नऊ वर्षांचा आहे. डावा डोळा आळशी म्हणून उजव्यावर पट्टी लावतो. दिवाळीला व्हीआर हेडसेट मागतोय. कुणी म्हणतं त्याने डोळा सुधारतो.
– एक आजोबा, कागल

उत्तर: यंदा नको, आजोबा. मेटाने आपल्या हेडसेटसाठी किमान वय १० ठेवलंय, सोनीने १२. लहान मुलांचा पीडी बऱ्याचदा भिंगांच्या सर्वांत अरुंद जागेपेक्षाही कमी भरतो. हेडसेटमधून आळशी डोळ्यावर उपचार करतात हे खरं आहे, अमेरिकेत २०२१ साली अशा एका उपचाराला मान्यता मिळाली. पण त्यात प्रत्येक डोळ्याला काय आणि किती दाखवायचं ते ठरवलेलं असतं, आणि सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली होतं. खेळाच्या हेडसेटमध्ये चांगला डोळाच सगळं काम करून टाकतो. पट्टी एकही दिवस चुकवू नका, आता हातात वेळ थोडा आहे. आणि रोज दोन तास त्याला उघड्यावर खेळू द्या.

प्रश्न: वय ६४, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. मुलाच्या हेडसेटमधून किल्ले बघितले तर चालेल का?
– एक निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी

उत्तर: तुमच्या सर्जनने डोळा पूर्ण भरून आल्याचं सांगितलं असेल तर जरूर बघा. लांबचा चष्मा असेल तर तो लावा, वाचायचा नको. प्रोग्रेसिव्ह काचही (वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेली) नको, तिच्या खालच्या भागातून चित्र धूसर दिसतं. खुर्चीत बसून बघा, सुरुवातीला दहाच मिनिटं. आणि पेसमेकर असेल तर घालायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, कारण हेडसेटमध्ये आणि त्याच्या हातातल्या कंट्रोलरमध्ये चुंबक असू शकतात.