किल्ली कोणाकडे आहे? वाचकांचे प्रश्न, दुकानदारीची उत्तरं

या वेळी पासवर्डवर इतके प्रश्न आले की बाकीचे दोन-तीनच घेता आले. नावं कुणाचीच छापत नाही, गाव आणि धंदा तेवढा देतोय.

प्रश्न (चिपळूण, हार्डवेअर आणि रंगाचं दुकान): आमच्याकडे पाच वर्षं एक मुलगा होता. बिलिंग, कंपनीच्या ऑर्डरी, बँक, जीएसटी, ऑनलाइन सगळं तोच बघायचा. गेल्या महिन्यात काम सोडून पुण्याला गेला, भांडण वगैरे काही नाही. आमचा सगळीकडे एकच पासवर्ड आहे, दुकानाचं नाव आणि पुढे १२३, काउंटरच्या काचेखाली चिठ्ठीच लावलीय. घरचे म्हणतात बदला, मी म्हणतो कशाला, पोरगा चांगला आहे. आणि बदलले तर माझ्या लक्षात कसे राहणार? वय ५८.

उत्तर: काका, पोरगा चांगला असेलच, तरी पासवर्ड आजच बदला. कामावरचा माणूस गेला की शटरची किल्ली आपण परत घेतोच ना, त्यात कुणाला राग येत नाही, आणि उद्या खात्यात काही गडबड झाली तर पहिला संशय त्या पोरावर जाणार, त्याच्यासाठीसुद्धा हे करून टाका.

सुरुवात बँकेपासून नका करू, ईमेलपासून करा. कारण बाकी कुठलाही पासवर्ड विसरला की तो बदलायची लिंक ईमेलवरच येते, म्हणजे ज्याच्या हातात तुमचं जीमेल त्याच्या हातात जवळपास सगळंच. जीमेलचा पासवर्ड बदला, मग सेटिंगमध्ये सुरक्षा नावाचं पान आहे तिथे कुठकुठल्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर तुमचं खातं उघडं आहे त्याची यादी दिसते, ओळखीचं नसेल ते काढून टाका, रिकव्हरीचा नंबर, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायला दिलेला नंबर, त्या मुलाचा तर नाही ना हेही तिथेच बघा (बहुतेक वेळा असतोच, कारण खातं त्यानेच उघडून दिलेलं असतं), आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारी सोय, चालू करा. ते चालू केलं की गूगल आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, ते कागदावर छापून घरी ठेवा, फोन हरवला तर तेच कामाला येतात. मग बँक, मग जीएसटी, मग व्हॉट्सअ‍ॅपमधलं लिंक्ड डिव्हाइसेस (तुमचं खातं आणखी कुठल्या कॉम्प्युटरवर उघडं आहे ते तिथे दिसतं), आणि दुकानातल्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलेले पासवर्ड. वायफाय आणि सीसीटीव्ही लोक हमखास विसरतात. कॅमेरे बसवून देणारा माणूस जो पासवर्ड टाकून जातो तोच वर्षानुवर्षं चालू असतो, तोही बदला.

आता ती काचेखालची चिठ्ठी. रंगाचा डबा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याच काचेवर कोपर टेकून उभं असतं, हातात मोबाईल असतो, शेड कार्डचा फोटो काढता काढता चिठ्ठीचा निघाला तर तुम्हाला पत्ता लागणार आहे का? चिठ्ठी तिथून आज काढा. पण पासवर्ड कागदावर लिहूच नये असं मी म्हणणार नाही. वहीत लिहा, वही घरच्या कपाटात दागिन्यांजवळ ठेवा, दुकानात आणू नका. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन मात्र वहीतही नको. काकूंना वही कुठे आहे ते माहीत असू दे. मी अशी दोन घरं बघितली आहेत जिथे कर्ता माणूस अचानक गेला आणि घरच्यांना दुकानाचं साधं बिलिंग उघडता येईना, उधारी कुणाकडे किती आहे हेच कळेना.

एकच पासवर्ड सगळीकडे का नको, तर एखाद्या कंपनीच्या डीलर वेबसाइटवरून पासवर्डची यादी फुटली की चोर तोच ईमेल आणि तोच पासवर्ड बँकेत, जीमेलमध्ये, सगळीकडे लावून बघतात, तेही हाताने नाही, प्रोग्रॅमने, हजारो लोकांचे एकदम. म्हणून निदान ईमेल, बँक आणि जीएसटी या तिघांचे तरी एकमेकांपेक्षा पूर्ण वेगळे ठेवा. लक्षात राहायचं म्हणाल तर तीन-चार असे शब्द घ्या ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणजे शिडी, कोथिंबीर, एसटी, तेरावा असं काहीतरी, आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा (हेच नका वापरू, छापून आलंय). कुठे कॅपिटल आणि आकडा मागतातच, तो मध्येच कुठेतरी घाला. आठ अक्षरांच्या चिन्हांनी भरलेल्या पासवर्डपेक्षा असा लांब पासवर्ड फोडायला कठीण आणि ५८ काय ७८ व्या वर्षीही लक्षात राहतो. नातवाचं नाव, गाडीचा नंबर, दुकान सुरू केलं ते साल, हे मात्र नको, ते अख्ख्या बाजारपेठेला माहीत असतं.

आणि पुढचा मुलगा ठेवाल तेव्हा त्याला तुमचं लॉगिन देऊच नका, त्याचं वेगळं करून द्या. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसागणिक वेगळा युजर करता येतो, गूगल मॅपवरच्या दुकानाच्या पानाला मालक आणि मॅनेजर असे वेगळे हक्क असतात, क्यूआरच्या बऱ्याच व्यापारी अ‍ॅपमध्ये नोकराला फक्त जमा झालेले पैसे दिसतील अशी सोय असते. चालू खात्यासाठी बँकेत जाऊन विचारा की एकाने पेमेंट टाकायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी सोय मिळेल का. मग मुलगा गेला की त्याचं नाव काढलं, झालं काम.

प्रश्न (सांगली, बेदाणा व्यापार): जीएसटीचं लॉगिन पहिल्यापासून सल्लागाराकडे आहे. मोबाईल नंबर आणि ईमेलही त्यांनीच स्वतःचा टाकलाय. आता दुसऱ्याकडे काम द्यायचंय तर पासवर्ड देत नाहीत, आधी जुनी फी भरा म्हणतात.

उत्तर: फी खरंच बाकी असेल तर ती देऊन टाका, पण फीसाठी तुमची नोंदणी अडवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. नोंदणी तुमच्या पॅनवर आहे, नोटीस आली तर तुमच्या नावाने येणार. ते सरळ द्यायला तयार झाले तर आत शिरून मोबाईल आणि ईमेल बदलायचा अर्ज भरायचा, नव्या नंबरवर ओटीपी येतो, दहा मिनिटांचं काम आहे. नाहीच दिले तर तुमचा जीएसटी क्रमांक ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत येतो त्यांच्याकडे जा, हद्द नोंदणी प्रमाणपत्रावरून कळते. पॅन, आधार, धंद्याच्या जागेचा पुरावा आणि एक साधा अर्ज, की माझा ईमेल आणि मोबाईल बदलून द्या. कागद तपासून अधिकारी नवीन ईमेल आणि नंबर सिस्टिममध्ये घालतात आणि लॉगिन तुमच्या ईमेलवर येतं. हात जोडत बसायची गरज नाही, यासाठी ठरलेली पद्धत आहे.

नव्या सल्लागारांना पासवर्ड द्यायला हरकत नाही, पण ओटीपी येणारा नंबर तुमचाच हवा. आणि तो नंबर कोणाच्या नावावर आहे तेही बघा, माझ्या पाहण्यात कितीतरी दुकानांचा बँकेतला नंबर जुन्या भागीदाराच्या किंवा पुतण्याच्या नावाच्या सिमवर असतो. रिचार्ज संपून नंबर बंद पडला तर ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग तुमच्या खात्याचे ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार. पासवर्ड कितीही भारी ठेवा, नंबर दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याचा काय उपयोग.

प्रश्न (डोंबिवली, घरगुती मसाले आणि दिवाळीचा फराळ): कुरिअरवाल्याचा फोन आला, पार्सल अडकलंय, एक नंबर डायल करा म्हणाला. मी केला. अर्ध्या तासात माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं आणि माझ्या गिऱ्हाइकांना माझ्या नावाने पैसे मागणारे मेसेज गेले. दोघींनी पाठवले पण. रडू येतंय, तोंड दाखवायची लाज वाटते.

उत्तर: ताई, आधी लाज सोडा. दिवाळीच्या घाईत हात पिठात असताना फोन आला की कुणाकडूनही होतं हे.

झालं काय ते सांगते. त्याने जो नंबर डायल करायला लावला त्याच्या सुरुवातीला बहुतेक *२१* किंवा *४०१* असं काहीतरी असणार आणि पुढे एक मोबाईल नंबर. तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड असतो, तुम्हाला येणारे फोन त्या नंबरवर वळतात. मग त्याने स्वतःच्या फोनवर तुमच्या नंबरने व्हॉट्सअ‍ॅप चालू केलं, कोड फोन करून सांगा हा पर्याय घेतला, आणि तो फोन गेला त्याच्याकडे.

आधी फॉरवर्डिंग काढा, ##००२# डायल करा, *#२१# केलं की चालू आहे की बंद ते दिसतं, नाही जमलं तर सिम कंपनीला फोन करून काढून घ्या. मग फोनवर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा तुमच्या नंबरने चालू करा, एसएमएसने येणारा सहा आकडी कोड टाकला की तो माणूस तिथल्या तिथे बाहेर पडतो. त्याने मध्ये स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागेल, पण तोही तोवर बाहेरच असतो, एवढं तरी समाधान. आत गेलात की सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. हा पिन आधी असता तर त्याला आत शिरताच आलं नसतं, म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांनी हा अंक खाली ठेवायच्या आधी लावून टाका.

ज्या दोघींचे पैसे गेले त्यांनी ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून काढून घ्यायच्या आत तक्रार पोचली तर तिथे अडवता येतात, म्हणून उद्या बघू नको, आत्ता. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि पावती जपून ठेवा. बाकी गिऱ्हाइकांना मेसेज नका पाठवत बसू, तुमच्या मेसेजवर आता त्यांचा विश्वास बसणार नाही, सरळ फोन करा. आवाज ऐकला की माणसं समजून घेतात.

प्रश्न (नाशिक रोड, पोह्यांची गाडी): पोरं पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवून निघून जातात, संध्याकाळी खात्यात पैसेच नसतात.

उत्तर: स्क्रीनशॉट बघूच नका, तसा खोटा स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप मिळतात. पैसे जमा झाले की बोलून सांगणारा स्पीकर घ्या, त्याचं महिन्याचं भाडं किती ते आधी विचारा, आणि आवाज आल्याशिवाय प्लेट पुढे करू नका. सकाळी क्यूआरवर बोट फिरवून बघायची सवय लावा, वर दुसरं स्टिकर चिकटवून जाणारेही आहेत. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार.

प्रश्न (भोसरी, जॉबवर्कचं वर्कशॉप): मोठी पार्टी चार-चार महिने बिल देत नाही. विचारलं की काम बंद करतील ही भीती.

उत्तर: तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आज करा, फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते. दोन-तीन हजार मागणारे फोन आणि हुबेहूब दिसणाऱ्या वेबसाइट खूप आहेत, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते बघा आणि आधारचा ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका.

नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला २००६ च्या कायद्याने संरक्षण आहे. लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. पण तुमची भीती मला कळते, पहिल्याच दिवशी तक्रार टाका असं मी सांगणार नाही. दुसरा रस्ता असा की आयकराच्या नियमाने २०२३-२४ पासून या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी देतील त्याच वर्षी पार्टीला तो खर्च दाखवता येतो, म्हणजे ३१ मार्चला तुमचं बिल मुदत उलटून थकलेलं असेल तर त्यांचा टॅक्स वाढतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा, आणि फेब्रुवारीत त्यांच्या मालकाला नाही, अकाउंट्सच्या माणसाला ईमेल करा, आमची नोंदणी अशी अशी आहे, ही बिलं बाकी आहेत. त्यांचा सीए वर्ष संपायच्या आत स्वतःच मागे लागतो. हे उत्पादन आणि सेवेला लागू आहे, नुसत्या खरेदी-विक्रीला नाही, तुमचं जॉबवर्क त्यात बसतं.

प्रश्न (लातूर, खतं-बियाणं): टॅलीच्या डेटाला व्हॉल्टचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावला होता, तो आठवत नाही. कोणी काढून देईल का?

उत्तर: नाही दादा. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड गेला की खुद्द कंपनीलाही तो डेटा उघडून देता येत नाही. काढून देतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याला कॉम्प्युटर देऊ नका. व्हॉल्ट लावायच्या आधीचा बॅकअप एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवर आहे का शोधा, सीएंच्या ऑफिसमध्ये तुमच्या डेटाची कॉपी बऱ्याचदा असते, तीही विचारा. तिथून पुढची बिलं छापील कॉपीवरून आणि जीएसटीच्या रिटर्नवरून पुन्हा चढवावी लागतील, एखादा बी.कॉम.चा मुलगा महिनाभर बसवा. उधारीची वही हाताने लिहिलेली असेल तर ती आत्ताच कुलपात ठेवा.