कुठल्या ओळीला अडतं?

सबमिशनचे दिवस जवळ आले की माझ्याकडे समुपदेशनात एक वाक्य हमखास येतं: "मॅडम, मला कोडिंग जमतच नाही, मी चुकीच्या शाखेत आले." यंदा ते चौथ्यांदा ऐकलं आणि मागची एक मुलगी आठवली. तिला मृणाल म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बीएस्सी कॉम्प्युटर, दुसरं वर्ष. पहिल्या भेटीत आईच बोलली. दुसऱ्या भेटीला मृणाल एकटी आली.

"बहात्तर, एक्याऐंशी आणि सहासष्टची बेरीज माझ्या प्रोग्रॅमनं ७२८१६६ दाखवली. अख्खी लॅब हसली."

हसू मलाही आलं, दाबलं. "मग तू काय ठरवलंस?"

"मी ढ आहे."

"एका बेरजेवरून?"

ती गप्प.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझा पिंड पोसलाय. घडलेली गोष्ट एक आणि तिच्यावरून आपण स्वतःवर मारलेला शिक्का दुसरा. मी आधी ही गाठ सोडवते. बेरजेचं कोडं तर पुढच्या भेटीत तिनंच उलगडून सांगितलं. टेक्स्ट फाइलमधून येतं ते सगळं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या लेखी अक्षरंच. 'फ्लोट' ही आज्ञा लावून आकडा करेपर्यंत अधिकचं चिन्ह ती नुसती शेजारी चिकटवतं. यात ढ कोण?

खरा गुंता पुढे होता. प्रत्येक विद्यार्थ्याची सरासरी काढून यादी उतरत्या क्रमानं लावायची होती. हिनं सरासऱ्यांची वेगळी यादी केली, तीच सॉर्ट केली आणि नावं राहिली जुन्याच क्रमात. पहिला नंबर भलत्याच मुलाचा! पाच रात्री त्यात गेल्या.

मला पायथन येत नाही, ते इथे पथ्यावर पडलं. चार चिठ्ठ्यांवर नावं आणि तीन-तीन गुण लिहून तिच्यापुढे टाकले. "लाव हातानं."

तिनं एकेक सरासरी काढली आणि ज्याच्या-त्याच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिली. ७३, ७०, ७५, परत ७३. मग चिठ्ठ्या उचलून लावल्या.

"वेगळ्या कागदावर का नाही लिहिल्यास?"

"मग कुणाची कुठली, कसं कळ..."

वाक्य तिथेच राहिलं. पंख्यानं एक चिठ्ठी उडाली, तीही तिनं उचलली नाही. मग हळूच म्हणाली, "मॅडम, अख्खी नोंदच हलवायची. 'सॉर्टेड' या क्रम लावणाऱ्या आज्ञेला, कशावरून लावायचं ते सांगणारी 'की' (key) द्यायची असते ना, ती म्हणजे हा कोपऱ्यातला आकडा." ७३ वाले दोघे तिनं मूळ क्रमातच ठेवले होते, बरोबरी झाली की पायथनही तेच करतो, हे मला तिनंच शिकवलं.

उत्तर तिच्या हातांना येत होतं, धास्तीमुळे डोक्यापर्यंत पोचत नव्हतं. मी फक्त चिठ्ठ्या दिल्या. पण त्या कुठल्या भेटीत द्यायच्या हे कळायला वीस वर्षं लागतात, असं मी शिकाऊ सहकाऱ्यांना मुद्दाम ऐकवते.

पालकांनो, "जमत नाही" ऐकलं की लगेच शाखा बदलायचा विषय काढू नका, आणि "सोपं असतं गं" असंही म्हणू नका. विचारा, "कुठल्या ओळीला अडतं?" ओळ दाखवता आली की मूल अभ्यासाबद्दल बोलू लागतं. दाखवताच येत नसेल, झोप-जेवणही सुटलं असेल, तर प्रश्न कोडिंगचा नाही. तेव्हा मात्र थांबू नका, भेटायला या.

सबमिशनच्या आदल्या रात्री मृणालचा मेसेज आला: "फाइलच्या शेवटी रिकामी ओळ होती, तिच्यावर प्रोग्रॅम पडला. काढली. झोपते."