उभ्या बसचं इंजिन ड्रायव्हर बंद का करत नाहीत? ट्रेनिंग दिलं तर फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की जळगावात तुमच्या घरासमोर रोज दुपारी शाळेच्या आणि एमआयडीसीच्या कामगारांच्या बस येऊन थांबतात, अर्धा-पाऊण तास इंजिन घरघरत असतं आणि धूर घरात येतो. ड्रायव्हरांना शिकवलं तर हे थांबेल का, असं विचारलंय.

मी २६ वर्षं अशाच गाड्या चालवल्या, शेवटची काही वर्षं नव्या पोरांना शिकवलं. फरक पडतो, नक्की पडतो. पण ड्रायव्हर गाडी का बंद करत नाही ते आधी समजून घ्या. बहुतेक वेळा त्याला सेल्फचा, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीचा, भरवसा नसतो.

माझंच सांगतो. एप्रिल महिना, दुपारी तीनची सुट्टी, पारा ४४ च्या पुढे. गाडी बंद करून निंबाखाली थांबलो होतो. शिफ्ट सुटली, माणसं बसली, चावी फिरवली तर नुसतं ‘टक्’. आठ तास राबून आलेल्या माणसांनी भर उन्हात खाली उतरून धक्का मारला. मालकाची बोलणी खाल्ली ती वेगळी. त्यानंतर कित्येक महिने मी फेरी संपेपर्यंत गाडी बंदच केली नाही. पुढे एका इलेक्ट्रिशियनने बघितली तर बॅटऱ्या ठणठणीत. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी चढलेली आणि बॅटरीकडून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून ढिली झालेली. त्याने गरम पाणी ओतलं, पॉलिश पेपर मारला, नट आवळले, वरून ग्रीस लावलं. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यापायी मी किती डिझेल जाळलं, ते आजही मनाला लागतं.

दुसरं कारण हवेचं. या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. पाइपाला कुठे बारीक गळती असली की इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डचा हवेचा काटा खाली येत जातो आणि निघताना पुन्हा हवा भरेपर्यंत थांबावं लागतं. शाळा सुटल्यावर मागे पोरांचा गलका, मॅडम घड्याळ बघतायत, अशा वेळी कोण थांबणार? म्हणून गाडी चालूच. जोडावर साबणाचं पाणी सोडलं की बुडबुडे येतात, गळती कुठे आहे ते लगेच कळतं.

म्हणून मी शिकवायचो तेव्हा पहिला दिवस बॅटरी आणि हवेच्या पाइपांवर घालवायचो. पारोळ्याकडचा एक पोरगा होता, सारखा म्हणायचा, “बंद करी, नि परत चालू नही व्हयनी ते?” त्याच्याच हाताने टर्मिनल साफ करून घेतले, मग आवारात गाडी थोडी फिरवून चार-पाच वेळा बंद-चालू करायला लावली. दरवेळी एका झटक्यात लागली. मग कुठे त्याचा चेहरा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी बाटली. टाकीतून येणारा डिझेलचा पाइप काढून लिटरच्या बाटलीत सोडायचा, रिटर्नचा पाइपही त्याच बाटलीत, आणि गाडी नुसती उभ्या-उभ्या चालू ठेवायची. पोरं भोवती उकिडवी बसून बघायची. आमच्या गाडीत पाऊण तासाच्या आसपास बाटली रिकामी व्हायची. (एसी चालू असेल तर आणखी लवकर.) मग हिशोब त्यांनीच करायचा. रोज दोन वेळा ४० मिनिटं, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ४५ लिटरच्या वर. डिझेल नव्वदीच्या घरात धरलं तर एका गाडीचे महिन्याला चार हजारांहून जास्त गेले, तेही एक किलोमीटर न जाता. एसटीत दहा लिटरमागे किती किलोमीटर पडले, तो केपीटीएलचा आकडा ड्रायव्हरमागे बघतात. खासगी मालक एवढं बघत नाहीत, त्यांनी बघायला हवं.

सरसकट ‘बंद करा’ असंही मी सांगत नाही. कन्नडचा घाट चढून किंवा हायवेवर दामटून आलेली टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली) गाडी दोन-तीन मिनिटं निवू द्यावी, मगच बंद करावी. तीस सेकंदांच्या सिग्नलला बस बंद करण्यात अर्थ नाही. रेल्वे फाटक पडलं असेल तर मात्र लगेच बंद. सकाळी दहा-दहा मिनिटं गरम करत बसण्याचीही गरज नाही, हवा भरली की हळूहळू निघावं, चालता-चालता इंजिन गरम होतं.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराचे नवे, कडक नियम पाळणाऱ्या) गाड्यांना उभ्या-उभ्या चालू ठेवणं जास्तच बाधतं. त्यांच्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. नुसत्या आयडलवर सायलेन्सर तापत नाही, काजळी जळत नाही आणि फिल्टर चोंदतो. धूर साफ करायला सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी सोडतात, त्याचं कामही तापल्याशिवाय होत नाही. नवीन गाडी आहे, धूर दिसत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. शाळेच्या फाटकाशी उभं असलेलं लेकरू जवळजवळ सायलेन्सरच्या उंचीला असतं, हे मला आधी कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुम्ही काय करायचं. गॅलरीतून ओरडू नका, ड्रायव्हर हट्टाला पेटतो. मे महिन्यात तो तापलेल्या पत्र्याखाली बसलेला असतो. थंड पाणी द्या आणि विचारा, “दादा, सेल्फ एका झटक्यात लागतो का?” नाही म्हणाला तर शाळेच्या पालकसभेत बसमालकाकडे बॅटरी, अर्थिंग आणि हवेची गळती तपासून मागा, आणि गाड्या उभ्या करायला झाडाखालची जागा ठरवून घ्या. ड्रायव्हरांच्या ट्रेनिंगसाठी पीसीआरए या केंद्र सरकारच्या इंधन बचतीच्या संस्थेचे डिझेल बचतीचे कार्यक्रम असतात, पुण्याजवळ भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीचं शिक्षण देणारी संस्था आहे. शाळेकडून तिथे पत्र जाऊ द्या. ट्रेनिंग गाड्या दुरुस्त झाल्यावरच ठेवा, उलटं केलं तर ड्रायव्हर पहिल्याच धक्क्याला सगळं विसरेल.