युनाम करायचंय? आधी एवढं बघ

हिमाचलमधलं हे युनाम शिखर छान निवडलंस. जुलै-ऑगस्टमधला सुट्या दगडांचा लांबलचक घसारा, वर थोडं बर्फ, जमेल तुला. पण उंची 6111 मीटर, आणि आपण गोंयकार समुद्राला टेकून राहणारे! नवख्यांना तिथे पाय नडत नाहीत, विरळ हवा नडते. मनालीहून गाडीने थेट शिखराच्या पायथ्याच्या भरतपूरला जाऊन झोपायचं, ही नेहमीची चूक. केलंग, जिस्पा, झिंगझिंगबार असं थांबत जा, वरच्या मुक्कामांना जास्त रात्री दे. डोकं ठणकत असेल तर वर सरकायचं नाही. वाढलं तर खाली.

- नवे बूट तिथे पहिल्यांदा घालू नकोस. आत्तापासून पाठीवर वजन घेऊन पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर चढ-उतर, पावसातसुद्धा.
- परतायची वेळ आधी ठरव, शिखर समोर दिसलं तरी पाळ.

क्रॅम्पॉनची (बर्फावर चालायला बुटांना लावायच्या काट्यांची) चिंता आत्ता नको, गाईड दाखवील.