ऑसिलोस्कोपवर लहर स्थिर का राहत नाही? ट्रिगर नेमकं काय करतो?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून ५५५ टायमरचं (ठरावीक वेळाने आउटपुट चालू-बंद करणाऱ्या चिपचं) सर्किट जोडलं, चौकोनी लहर येते, पण स्क्रीनवर सारखी पळत राहते. सर्किट बहुधा ठीक आहे, ट्रिगर लावायचा राहिलाय.

ऑसिलोस्कोप, म्हणजेच स्कोप, वेळेनुसार बदलणारं व्होल्टेज स्क्रीनवर लहरीच्या रूपात दाखवतो. तो सेकंदाला कितीतरी वेळा लहर नव्याने काढतो आणि ती चित्रं एकावर एक ठेवतो. प्रत्येक वेळी सुरुवात लहरीच्या वेगळ्याच जागेपासून झाली तर चित्र सरकणारच. ट्रिगर ही जागा बांधून देतो: सिग्नल अमुक व्होल्टेज चढताना (किंवा उतरताना) ओलांडेल, तोच क्षण धरायचा.

आधी ट्रिगर सोर्स बघा, म्हणजे ट्रिगर कोणत्या चॅनेलचा सिग्नल बघतोय ते. प्रोब (सर्किटला टेकवायची वायर) चॅनेल १ ला आणि सोर्स २ वर, हे फार वेळा होतं. मग लेव्हलचा (म्हणजे त्या ठरवलेल्या व्होल्टेजचा) नॉब हळूहळू फिरवा. लेव्हलची रेषा लहरीच्या माथ्याच्या वर गेली की चित्र पळू लागेल, आत आणली की जागच्या जागी थांबेल. ५ व्होल्टच्या सप्लायवर दीड-दोन व्होल्ट ठेवा.

ऑटो मोडमध्ये ट्रिगर मिळाला नाही तरी स्कोप थोडं थांबून चित्र काढतोच, म्हणून ते पळताना दिसतं. नॉर्मल मोड ट्रिगरची वाट बघतो. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सिंगल: पुश बटण दाबल्यावर आतला संपर्क कसा थरथरतो, ते एकदाच पकडून समोर ठेवतो. हे जरूर करून बघा. टाइमबेस (स्क्रीनवरचा एक आडवा चौकोन म्हणजे किती वेळ) १ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन ठेवा, आणि बटणाला पुल-अप (बटण दाबेपर्यंत व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर) असेल तर उतरती कड निवडा.