क्रॉसबोचा धक्का मागे बसतो की पुढे?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात बारावीला आहात, न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर प्रकल्प करायचाय. क्रॉसबोच्या (बंदुकीसारख्या दांड्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्याच्या) स्लो मोशन व्हिडिओत बाण सुटताना क्रॉसबो बंदुकीसारखा मागे येण्याऐवजी पुढे झेपावताना दिसतो. मग नियम मोडला का?

नियम मोडलेला नाही. क्रॉसबोला एक नव्हे, दोन धक्के असतात. पहिला मागे बसतो, दुसरा पुढे. दुसरा फार कमी वेळात उरकतो, म्हणून व्हिडिओत तोच डोळ्यात भरतो.

आधी आकडे बघू. मध्यम ताकदीचा कंपाउंड (टोकांना चाकं असलेला) क्रॉसबो घ्या: वजन 3.2 किलो, बाण 26 ग्रॅम (सुमारे 400 ग्रेन), वेग सेकंदाला 100 मीटर. बाणाचा संवेग 0.026 × 100 = 2.6 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. क्रॉसबो मोकळा सोडला तर तो सेकंदाला सुमारे 0.8 मीटर वेगाने मागे जाईल. .22 रायफलची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची आणि वेग 330 मीटर धरला तर तिचा संवेग 0.86 येतो, म्हणजे क्रॉसबोचा बाण .22 च्या तिप्पट संवेग घेऊन जातो. बारा बोअर बंदुकीच्या काडतुसातले 32 ग्रॅम छर्रे 400 मीटर वेगाने सुटले तर 12.8, आणि शिवाय दारूच्या वायूचा वाटा वेगळा. क्रॉसबोत वायू नाही. खांद्याला जाणवते ती मुख्यतः मागे येणाऱ्या हत्याराची ऊर्जा. ती संवेगाच्या वर्गावर अवलंबून असते: क्रॉसबोला जेमतेम 1 जूल, तेवढ्याच वजनाच्या बारा बोअरला 25 जूलच्या वर. म्हणून ‘धक्काच नाही’ असं वाटतं.

आता दुसरा धक्का. दोरी सुटली की बाणाबरोबर दोरी आणि पातीही (धनुष्याच्या दोन लवचिक बाजू) पुढे धावतात. या सगळ्यांच्या पुढे जाण्याची भरपाई म्हणून दांडा मागे ढकलला जातो. बाण निघून जातो, पण पाती दांड्यालाच बांधलेल्या असतात, त्यांना थांबावंच लागतं. थांबताना त्यांचा पुढचा संवेग दांड्याला मिळतो आणि क्रॉसबो पुढे हिसका खातो. ढकलण्याला 6-7 मिलिसेकंद मिळतात, पाती त्यापेक्षा खूपच कमी वेळात थांबतात. संवेग कमी असला तरी वेळ आखूड, म्हणून बल मोठं. त्यात तोवर खांद्याने दांड्याला मागून रेटा दिलेला असतो, त्यामुळे हिसका आणखी ठळक दिसतो.

यंत्रमागावर हेच रोज घडतं. धोटा (आडवा धागा नेणारा) सुटून पलीकडच्या पेटीत जातो, पण त्याला मारणारी काठी मागावरच अडवावी लागते. ती अडवणारं चामडं किंवा रबर झिजलं की अख्खा माग हादरायला लागतो.

इथून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते, आणि माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा गाभा तीच असावी. बंदुकीत गोळी जड केली की धक्का वाढतो. क्रॉसबोत बाण हलका केला की हादरा वाढतो. ताणलेल्या पातींत 180 जूल साठले आहेत असं धरा, आणि पाती-दोरी हलवण्याचा खर्च जणू 10 ग्रॅम जादा वजन बाणाला चिकटल्याइतका धरा. बाणाला मिळणारा वाटा मग बाणाचं वस्तुमान भागिले (बाण + 10 ग्रॅम). 20 ग्रॅमचा बाण 120 जूल घेतो, 60 जूल क्रॉसबोतच उरतात. 32 ग्रॅमचा बाण 137 घेतो, उरतात 43. जड बाणाचा संवेग जास्त (जवळजवळ 3, हलक्याचा 2.2), म्हणजे मागचा धक्का थोडा वाढतो. पण उरलेल्या ऊर्जेतून होणारी थरथर, आवाज आणि स्क्रू ढिले पडणं कमी होतं. वेगाच्या हौसेपायी हलके बाण लावणं हा मला निव्वळ तोट्याचा सौदा वाटतो. बाणच नसला तर सगळे 180 जूल पातींत आणि दोरीत राहतात. रिकामा चाप ओढला की दोरी तुटते किंवा पातीला तडा जातो, तो याच कारणाने. बाणाची शेपूट दोरीला नीट टेकली नसेल तर दोरी बाणावरून किंवा खालून सटकते आणि परिणाम तोच होतो. दोरीपुढचे रबरी थांबे आणि पातींवरचे रबर या उरलेल्या ऊर्जेसाठीच असतात. ते कडक झाले की बदलायचे.

नेमबाजीवरचा परिणाम मात्र पहिल्या धक्क्याचा. दोरी 33 सेंमी पुढे जाते तेवढ्यात 3.2 किलोचा दांडा बाणापुरताच जवळजवळ 3 मिमी मागे सरकतो, पातींमुळे आणखी थोडा. वस्तुमान केंद्र बाणाच्या रेषेखाली 4 सेंमी असेल तर पुढचं टोक उचललंही जातं. जडत्व आघूर्ण (फिरवायला होणारा विरोध) 0.15 किलोग्रॅम-मीटर² धरलं तर बाण सुटेपर्यंत सुमारे 0.0023 रेडियन, म्हणजे 30 मीटरवर 6-7 सेंमी. दरवेळी सारखंच घडलं तर साइट लावताना ते आपोआप जुळतं. घात होतो तो एकदा दांडा घट्ट आवळून आणि एकदा सैल धरून मारण्याने, किंवा एकदा हातावर आणि एकदा कठीण ओट्यावर टेकवून मारण्याने.

प्रकल्पासाठी खरा क्रॉसबो नको, गरजही नाही. 60 सेंमीची फळी घ्या, खाली 608 नंबरची चार बेअरिंग चाकं लावा. रबर सीलची नकोत, पत्र्याच्या झाकणाची घ्या आणि आतलं घट्ट ग्रीस रॉकेलने धुवून काढा, नाहीतर घर्षणच सगळा हिशेब खाऊन टाकेल. फळीवर बांबूची लवचिक कामटी आडवी बसवा, टोकांना न ताणणारी सुतळी बांधा. सगळं मिळून 2 किलो करा, कमी पडलं तर वाळूची पिशवी ठेवा. बाणाच्या जागी यंत्रमागाची सूत गुंडाळायची रिकामी लाकडी कांडी वापरा, काट्यावर तोलून. टोकदार काही नको. समोर घडी घातलेली सोलापुरी चादर टांगा, डोळ्यांना चष्मा लावा.

दोरी मागे ओढून सुती दोऱ्याने खिळ्याला बांधा आणि दोरा उदबत्तीने जाळा. हाताने सोडलं तर हाताचाच धक्का मोजला जातो. बाजूला पट्टी ठेवून मोबाईलवर सेकंदाला 240 फ्रेमने चित्रण करा. 40 ग्रॅमची कांडी सेकंदाला 6 मीटरने गेली तर फळी शेवटी सेकंदाला 0.12 मीटरने मागे जायला हवी, म्हणजे 24 फ्रेममध्ये 12 मिमी. उत्तर फारच वेगळं आलं तर आधी जमीन सपाट आहे का पाहा.

मग कामटीच्या दोन्ही टोकांना सारख्या वजनाचे नट बांधून पुन्हा करा. फळीचा मागचा वेग मध्येच जास्तीत जास्त होऊन मग झटकन उतरलेला दिसेल. ते उतरणं म्हणजेच तुमच्या व्हिडिओतला पुढचा हिसका. नट जितके जड तितकं उतरणं मोठं आणि कांडीचा वेग कमी. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.