पडीक जमीन स्वस्तात मिळते, मग तिथले प्लॉट एवढे महाग का होतात?

कारण घेतलेली सगळी जमीन विकता येत नाही. समजा १ हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर घेतली आणि ३५ टक्के रस्ते, बाग, मोकळ्या जागेत गेली, तर सगळा खर्च उरलेल्या ६,५०० चौरस मीटरवर बसतो. म्हणजे जमिनीचाच दर दीडपट झाला! पुढे मोजणी, माती परीक्षण, मंजुरी, सपाटीकरण, पाणी, वीज आहेच. सांडपाण्याची लाइन मात्र नीट बघा. ती उतारानं वाहायला हवी. मुख्य लाइन उंचावर असेल तर पंप बसवा आणि त्याचं वीजबिल कायम भरत राहा. मंजुरी रखडली की कर्जाचं व्याज चढतं ते वेगळंच. व्यवहार करण्याआधी भर पावसात एकदा त्या जमिनीवर जाऊन या, पाणी कुठे तुंबतं ते डोळ्यांनी दिसेल.